तुटणारी बिनतारी जोडणी : लिनक्स लॅपटॉपवरील दोषशोधन

पुराणांतील द्वारका सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरची. येथे जिचा उल्लेख आहे ती द्वारका दिल्लीच्या नैर्ऋत्येस, विमानतळाच्या शेजारी आहे. पूर्वी पप्पनकलां या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भूमीवर दिल्ली विकास प्राधिकरणाने आखलेले हे उपनगर क्रमांकित सेक्टरांत विभागलेले असून, त्यात सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या बहुमजली इमारती दाटीने उभ्या आहेत. अशा एखाद्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर रात्री आठच्या सुमारास बारावीची एक विद्यार्थिनी प्रवेशपरीक्षेचा अर्ज भरीत बसली आहे असे समजा. छायाचित्र पाठवून झाले आहे, शुल्क भरण्याची पायरी आली आहे, आणि नेमक्या त्याच क्षणी लॅपटॉपच्या पडद्याच्या कोपऱ्यातील पंख्यासारखे चिन्ह मावळते. अर्ध्या मिनिटाने ते पुन्हा उगवते. परंतु तोवर भरणा अर्धवट राहिलेला असतो आणि पैसे गेले की राहिले हे कळावयास मार्ग नसतो. अर्जाची मुदत त्याच रात्री संपणार असेल, तर हे अर्धे मिनिट एका वर्षाच्या मोलाचे ठरू शकते.

अशा प्रसंगी बहुतेक घरांत एकच उपाय ठाऊक असतो : राऊटर बंद करावयाचा, दहापर्यंत अंक मोजावयाचे आणि तो पुन्हा सुरू करावयाचा. हा उपाय पुष्कळदा लागू पडतो, आणि त्यातच त्याची खोड आहे. जोडणी परत येते, पण ती का गेली हे अंधारातच राहते, आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा जाते. चार-आठ दिवसांनी घरातील कोणी तरी निकाल देऊन मोकळे होते : लॅपटॉप जुना झाला, राऊटर बिघडला, अथवा लिनक्स ही प्रणालीच बेभरवशाची. या निकालांपैकी एखादा खरा असूही शकेल. तथापि पुराव्यावाचून दिलेला निकाल बहुधा खर्चात पाडतो. नवा राऊटर घरात येतो आणि तक्रार जेथल्या तेथे राहते.

वास्तविक लिनक्सवर चालणारा लॅपटॉप हा अशा चौकशीत फार उपयोगी पडणारा साक्षीदार आहे. हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ साली ज्या गाभ्याचे, म्हणजे कर्नलचे, लेखन आरंभिले, त्याच्याभोवती ही प्रणाली उभी राहिली. तिचे लेखन कोणासही वाचावयास व सुधारावयास खुले असते. भारतात प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजेच सी-डॅकने, २००७ मध्ये याच पायावर भारतीय भाषांना सोयीची अशी 'बॉस' ही प्रणाली प्रसृत केली. या कुळातील सर्व प्रणालींचा येथे कामी येणारा गुण असा की, यंत्रात काय काय घडले याची तास, मिनिट व सेकंदासह नोंद त्या ठेवीत असतात. बिनतारी जोडणी केव्हा जुळली, केव्हा तुटली आणि मुख्य म्हणजे तोडली कोणी, लॅपटॉपने की राऊटरने, हे त्या नोंदवहीत लिहिलेले असते.

साखळीचा कोणता दुवा?

नोंदवही उघडण्यापूर्वी एक प्रश्न निकालात काढला पाहिजे. 'वायफाय गेले' या दोन शब्दांत आपण चार निरनिराळ्या घटना एकत्र कोंबतो. लॅपटॉप आणि राऊटर यांच्यामधील हवेतील जोडणी हा पहिला दुवा. राऊटरने लॅपटॉपला ठरावीक मुदतीसाठी दिलेला अंकी पत्ता हा दुसरा. राऊटरपासून सेवा पुरवणाऱ्या कंपनीकडे जाणारी केबल हा तिसरा. आणि संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता शोधून देणारी नामसेवा हा चौथा. पाहणाऱ्यास चारही प्रसंगी अनुभव एकच येतो : पान उघडत नाही. परंतु यांपैकी हवेतून जाणारा दुवा एकच, तो म्हणजे पहिला. उरलेल्या तिहींचा दोष लहरींच्या माथी मारून उपयोग नाही.

कोणता दुवा निखळला हे ओळखण्यास 'पिंग' नावाची छोटीशी आज्ञावली पुरेशी होते. अमेरिकेतील माइक मूस यांनी ती १९८३ च्या डिसेंबरात लिहिली आणि पाणबुडीचा ठाव घेणाऱ्या सोनार यंत्राच्या आवाजावरून तिला हे नाव दिले. दिलेल्या पत्त्यावर ती दर सेकंदास एक हाक घालते, आणि तिला किती सहस्रांश सेकंदांनी ओ मिळाली ते लिहीत जाते. लॅपटॉपवर दोन खिडक्या उघडाव्या. एकीत राऊटरच्या पत्त्यास हाक घालावी. पुष्कळ घरांत हा पत्ता १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असतो. दुसरीत बाहेरच्या जगातील एखाद्या अंकी पत्त्यास, उदाहरणार्थ ८.८.८.८ यास, हाक घालावी. मग खुशाल आपल्या कामास लागावे. जोडणी गेली असे वाटताच दोन्ही खिडक्या पाहाव्या. दोहींतील उत्तरे थांबली असतील, तर दोष घरातच आहे. राऊटर उत्तर देत असून बाहेरचा पत्ता गप्प असेल, तर बिनतारी जोडणी निर्दोष आहे आणि तक्रार केबलच्या पलीकडे करावयास हवी. दोन्ही उत्तरे येत असूनही पाने उघडत नसतील, तर संशय नामसेवेवर घ्यावा.

घरातील इतर उपकरणांची साक्षही मोलाची असते. त्याच खोलीतील मोबाइलची वायफाय जोडणीही त्याच क्षणी गेली असेल, तर लॅपटॉपला दोष देण्याचे कारण नाही. दिल्लीच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, आणि दूरचित्रवाणी संचाच्या मागे काचेच्या कपाटात कोंडलेल्या राऊटरला तो ताप सोसावा लागतो. वीज निमिषभर लपकली तर खोलीतील दिवा केवळ मिचकतो. राऊटर मात्र नव्याने सुरू होतो, आणि पूर्ण सावध होण्यास त्याला एक-दोन मिनिटे लागतात. त्याचा अडॅप्टर जुना होऊन दुबळा झाला असेल, तर विजेच्या अशा लपकण्याचीही गरज उरत नाही. पुष्कळ राऊटरांच्या पानावर 'सुरू होऊन किती वेळ झाला' हे दाखवलेले असते. तो आकडा दहा मिनिटे असा दिसला आणि राऊटरला कोणी हातही लावलेला नसला, तर चौकशी तेथेच संपली.

नोंदवहीची साक्ष

केवळ लॅपटॉपच पुन्हा पुन्हा सुटत असेल, तर मात्र त्याच्या नोंदवहीकडे वळावे. आज्ञा टर्मिनल नावाच्या खिडकीत रोमन अक्षरांत टंकावयाच्या असतात. येथे त्यांचे उच्चार तेवढे दिले आहेत. 'जर्नलसीटीएल' ही आज्ञा प्रणालीची समग्र नोंदवही उघडते, तर 'डीमेसेज' ही केवळ गाभ्याच्या नोंदी दाखवते. नोंदी शेकड्यांनी असतात व त्यांतील बहुतेकांचा आपल्या प्रश्नाशी काही संबंध नसतो. म्हणून जोडणी तुटली ती वेळ आधी कागदावर टिपून ठेवावी आणि त्या मिनिटापुरतेच वाचन करावे. लॅपटॉप पुन्हा सुरू केल्यास गाभ्याच्या स्मृतीतील ताज्या नोंदी पुसल्या जातात. यास्तव आधी वाचन करावे, मग लॅपटॉप बंद करावा.

जोडणी तुटल्याच्या ओळीत बहुधा एक कारणांक आढळतो. वायफायचे मूळ मानक आय-ट्रिपल-ई या अभियंत्यांच्या संस्थेने १९९७ साली प्रसिद्ध केले. जोडणी सोडणाऱ्याने कारण सांगून सोडावे, असा शिष्टाचार त्यात घालून दिलेला आहे. कारणांक ४ म्हणजे 'बराच काळ हालचाल न आढळल्याने संबंध सोडला'. ५ म्हणजे राऊटरला इतकी उपकरणे एकाच वेळी सांभाळवत नाहीत. १५ म्हणजे सांकेतिक किल्लीची शहानिशा करणारी चार टप्प्यांची देवघेव वेळेत पुरी झाली नाही. संकेतशब्द चुकला असता हे होते, आणि संकेतशब्द बरोबर असूनही लहरी दुर्बळ असल्या तरी होते. १६ म्हणजे सर्व उपकरणांना सामायिक असलेली किल्ली बदलताना हीच गत झाली.

अंकापेक्षाही अर्थपूर्ण असे दोन शब्द त्या ओळीत कधी कधी असतात : 'लोकली जनरेटेड'. ते असतील, तर जोडणी लॅपटॉपने स्वतःहून सोडली. नसतील, तर राऊटरने त्याला निरोप दिला. बहुतेक लोक या दोन शब्दांवरून नजर फिरवून पुढे जातात. वास्तविक चौकशी कोणत्या दिशेने न्यावयाची हे त्यांवरच ठरते. कारणांक ४ आणि सोबत हे शब्द, अशी जोडी दिसली की समजावे : लॅपटॉपने राऊटरला हाका मारल्या, उत्तर आले नाही, आणि राऊटर नाहीसा झाला असा त्याने समज करून घेतला.

दुसरा विचार करावयाचा तो वेळांचा. पाच-सहा वेळा तुटल्याच्या वेळा एकाखाली एक मांडाव्या. दर तासाला, घड्याळ लावल्याप्रमाणे जोडणी जात असेल, तर कारण हवेत नसून एखाद्या नेमात असते : राऊटर ठरावीक मुदतीने सामायिक किल्ली बदलतो, अंकी पत्त्याची मुदतही ठरावीक काळाने वाढवून घ्यावी लागते, आणि या देवघेवींपैकी एखादी फसत असते. वेळा विस्कळित असल्या, पण सात ते अकरा या रात्रीच्या प्रहरात त्यांची दाटी झाली असली, तर संशयाची सुई हवेकडे वळते. कारण त्या वेळी सारी इमारत घरी आलेली असते.

गजबजलेले आकाश

वायफायच्या लहरी या प्रकाशाच्याच कुळातील विद्युच्चुंबकीय लहरी होत. त्यांचा एक पट्टा २,४०० मेगाहर्ट्झच्या लगतचा असून त्या लहरींची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर असते. दुसरा ५,००० ते ६,००० मेगाहर्ट्झच्या दरम्यानचा असून त्यातील लहरी पाच ते सहा सेंटिमीटर लांबीच्या असतात. याहून कितीतरी आखूड, काही मिलिमीटर लांबीच्या लहरी जगदीशचंद्र बोस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात कोलकात्यात निर्माण करून दाखविल्या होत्या. भारतात १९३३ च्या कायद्याने बिनतारी उपकरण नुसते बाळगण्यासही परवाना लागे. ज्यांच्या घरी जुना रेडिओ होता, त्यांना डाकघरात शुल्क भरून जपून ठेवावी लागणारी परवान्याची पुस्तिका आठवत असेल. २००५ च्या जानेवारीत केंद्र सरकारने २,४०० ते २,४८३.५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील अल्पशक्ती उपकरणांना परवान्यातून मुक्त केले, आणि २०१८ च्या ऑक्टोबरात ५,००० मेगाहर्ट्झच्या वरील पट्ट्यांतील सवलत बरीच विस्तृत केली. घरोघरी राऊटर आले ते या मोकळिकीमुळे.

या मोकळिकीस एक अट जोडलेली आहे, आणि ती फारशी कोणाच्या लक्षात नसते. परवान्याविना वापरावयाचा हा पट्टा सर्वांचा सामायिक आहे. त्यात कोणालाही दुसऱ्याच्या व्यत्ययापासून संरक्षण मिळत नाही. शेजाऱ्याच्या राऊटरने आपल्या जोडणीत अडथळा आणला, तर त्याविरुद्ध दाद मागता येत नाही. कारण तोही तितक्याच हक्काने बोलत असतो. येथे शिस्त राहते ती एका साध्या सौजन्याच्या नियमाने : प्रत्येक उपकरणाने बोलण्यापूर्वी ऐकावे, दुसरे कोणी बोलत असेल तर थांबावे, आणि शांतता झाल्यावरही थोडा, यदृच्छेने ठरणारा वेळ जाऊ देऊन मगच तोंड उघडावे.

२,४०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात भारतात १३ वाहिन्या वापरता येतात. ऐकावयास ही संख्या मोठी वाटते. परंतु लगतच्या दोन वाहिन्यांच्या मध्यबिंदूंत अंतर केवळ ५ मेगाहर्ट्झचे आणि प्रत्येकीची रुंदी मात्र २० मेगाहर्ट्झची, म्हणून शेजारच्या वाहिन्या एकमेकींवर चढतात. परस्परांस न खेटणाऱ्या वाहिन्या निवडावयाच्या तर रूढ त्रिकूट १, ६ आणि ११ हेच. द्वारकेतील एखाद्या सदनिकेत 'एनएमसीएलआय डिव्हाइस वायफाय लिस्ट' ही आज्ञा दिली, की लॅपटॉपला ऐकू येणाऱ्या सर्व राऊटरांची यादी वाहिनी व लहरींच्या जोरासह समोर येते. वरचा मजला, खालचा मजला, भिंतीपलीकडचे शेजारी आणि समोरची इमारत असे सगळे त्या यादीत दाटीवाटीने बसलेले दिसतात.

पुष्कळांस असे वाटते की, १ आणि ६ या वाहिन्यांवर गर्दी असल्यास ३ किंवा ४ ही मोकळी वाहिनी घ्यावी. हा समज उलटा आहे. एकाच खोलीत दोन वर्ग भरले असता शिक्षक एकमेकांचे ऐकतात आणि आळीपाळीने बोलतात. काम मंदावते, पण चालते. पातळ पडद्याने विभागलेल्या दोन वर्गांत मात्र पलीकडचे शब्द उमगत नाहीत, नुसता गलका तेवढा येतो, आणि कोणीच कोणासाठी थांबत नाही. अर्धवट चढणाऱ्या वाहिन्यांचे तसेच आहे. शेजाऱ्याच्याच वाहिनीवर बसून पाळी वाटून घेणे हे ३ क्रमांकावर बसून दोन्हींकडचा गलका सोसण्यापेक्षा पुष्कळदा बरे ठरते. गृहनिर्माण संस्था पाण्याच्या वेळा ठरवतात, मोटारी उभ्या करण्याच्या जागा आखून देतात. एका जिन्यातील घरांनी १, ६ आणि ११ या वाहिन्या आपसांत वाटून घेतल्या, तर एक पैसाही खर्च न होता सर्वांचीच जोडणी सुधारेल.

सारा गलका राऊटरांचाच असतो असेही नाही. स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टी २,४५० मेगाहर्ट्झच्या आसपास चालते. तिच्या दारातून अत्यल्प शक्ती झिरपते, पण ती वायफायच्या हलक्या लहरींना पुरून उरते. दूध तापवण्याच्या दोन मिनिटांतच जोडणी लंगडत असेल, तर निदान अवघड नाही. याहून अनपेक्षित आरोपी म्हणजे यूएसबी ३.० ची जोडतार. तिच्यातील वेगवान विद्युत्-स्पंदांमुळे याच पट्ट्यात गोंगाट पसरतो, हे इंटेल कंपनीने २०१२ साली एका टिपणात दाखवून दिले. बाह्य डिस्क लावली की वायफाय रडते अशी तक्रार असेल, तर डिस्क दुसऱ्या बाजूच्या छिद्रात लावून पाहावी किंवा चांगल्या आवरणाची तार वापरावी. कानाला लावावयाचे ब्लूटूथ संच याच पट्ट्यात बोलतात, आणि बहुतेक लॅपटॉपांत ब्लूटूथ व वायफाय एकाच कार्डावर नांदतात. त्यांच्यातील वाटणी सर्वच चालक-आज्ञावलींना सारखी साधत नाही.

या सर्वांवरचा सरळ उपाय म्हणजे दुसऱ्या, म्हणजे ५,००० मेगाहर्ट्झच्या वरील पट्ट्यात जाणे. तेथे वाहिन्या पुष्कळ आणि गर्दी विरळ. मात्र या आखूड लहरींना भिंती अधिक जाचतात, आणि द्वारकेतील इमारती लोखंडी सळयांच्या काँक्रीटच्या आहेत. लहरींचा जोर डीबीएम या ऋण अंकांत मोजतात. अंकात १० ची घट म्हणजे जोर दहापट कमी. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६७ पर्यंत दृक्-श्राव्य वर्गही सुरळीत चालतो, आणि उणे ८० च्या खाली जोडणी कधी जाईल याचा नेम नाही. उणे ६७ म्हणजे प्रत्यक्षात एका वॅटच्या अब्जांश भागाचा पंचमांश! एवढ्याशा शक्तीवर चलत्चित्र चालते हेच नवल. बैठकीच्या खोलीतील राऊटर आणि शेवटच्या खोलीतील अभ्यासाचे टेबल यांच्यामध्ये दोन भिंती, एक लोखंडी कपाट व एक आरसा आला, तर हे अंक झपाट्याने घसरतात. टेबल दोन हात सरकवणे हा उपाय फार साधा म्हणून कोणी करून पाहत नाही.

येथे मोठ्या अँटेनांचा, 'शक्तिशाली' म्हणून विकला जाणारा राऊटर घेण्याचा मोह होतो. पण संभाषण दुतर्फी असते. राऊटरचा आवाज वाढला म्हणून लॅपटॉपचा वाढत नाही. लॅपटॉपच्या पडद्यावर भरघोस रेघा दिसतात, आणि त्याचे बोलणे राऊटरपर्यंत मात्र पोहोचत नाही.

विमानतळावरील संशय

विमानतळ शेजारी असल्यामुळे द्वारकेतील वायफायच्या तक्रारींत रडारला ओढण्याचा मोह अनेकांस होतो. त्यात तथ्य किती ते पाहणे उद्बोधक आहे. विमानतळावरील हवाई वाहतुकीची रडारे १,००० ते १,४०० अथवा २,७०० ते २,९०० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात, आणि बहुतेक प्रवासी विमानांच्या नाकातील हवामान-रडार ९,३०० च्या आसपास. हे दोन्ही वायफायच्या पट्ट्यांबाहेरचे आहेत. तथापि ५,२५० ते ५,३५० आणि ५,४७० ते ५,७२५ या भागांत हवामानाची काही जमिनीवरील रडारे व इतर रडारे काम करतात. म्हणून अनेक देशांनी असा नियम केला आहे की, या भागात बोलण्यापूर्वी राऊटरने निदान ६० सेकंद ऐकावे. रडारची चाहूल लागताच १० सेकंदांत ती वाहिनी सोडावी. आणि पुढील ३० मिनिटे तिच्याकडे फिरकू नये. त्यानुसार घडवलेला राऊटर रडारचा भास झाला तरी वाहिनी सोडतो, आणि लॅपटॉप मागे एकटा राहतो.

याची पारख सोपी आहे. जोडणी जुळताना नोंदवहीत 'फ्रीक' या शब्दापुढे कंप्रता लिहिलेली आढळते. तुटण्यापूर्वी ती ५,५०० होती व नंतर ५,१८० झाली, असे दिसले तर राऊटरने जागा बदलली. त्याला ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६५ या वाहिन्यांवर बांधून ठेवले, की रडारचा नियम लागू होत नाही. चार दिवस तसे ठेवूनही जोडणी तुटत राहिली, तर विमानतळाला निर्दोष सोडावे.

झोपाळू लॅपटॉप

हवा निर्मळ आहे, लहरींचा जोर उणे ५५ आहे, तरीही 'लोकली जनरेटेड' हे शब्द पुन्हा पुन्हा दिसतात, अशा वेळी लॅपटॉपच्या झोपेकडे पाहावे. राऊटर सेकंदास सुमारे दहा वेळा 'मी येथे आहे' असा एक छोटा संदेश प्रसृत करतो. समुद्रावरील दीपस्तंभाच्या झोताप्रमाणे तो सर्वांसाठी असतो व त्याला बीकन म्हणतात. विद्युत्घटाची शक्ती वाचावी म्हणून लॅपटॉपचे बिनतारी कार्ड दोन बीकनांच्या मध्ये डुलकी घेते. झोपलेल्याच्या नावे आलेले संदेश राऊटर राखून ठेवतो आणि पुढच्या बीकनमध्ये 'तुझे टपाल आले आहे' असे सांगतो. ही योजना मोठी सुरेख आहे. परंतु कार्डास जाग येण्यास किंचित उशीर झाला, तर बीकन हुकतो. काही बीकन लागोपाठ हुकले की लॅपटॉपला वाटते, दीपस्तंभच विझला. मग तो जोडणी सोडतो आणि नव्याने शोधू लागतो. राऊटर या सर्व काळात जागच्या जागी जळत असतो.

'आयडब्ल्यू' या आज्ञेच्या साहाय्याने ही डुलकी तात्पुरती बंद करता येते. जोडणी नव्याने जुळताच जुनी रीत परत येऊ शकते, म्हणून दर खेपेस पाहून घ्यावे. तसे करून दोन-तीन संध्याकाळी काढाव्या. जोडणी टिकली तरच बदल कायमचा करावा. नेटवर्कमॅनेजर या व्यवस्थापकाच्या मांडणीत 'वायफाय.पॉवरसेव्ह' या नावापुढे २ लिहिल्यास डुलकी बंद होते, ३ लिहिल्यास सुरू राहते. उबुंटूच्या अनेक आवृत्त्यांत ३ हा अंक आधीच घातलेला असतो. या काळात दुसरा कोणताही बदल करू नये. राऊटरची वाहिनी, डुलकी आणि टेबलाची जागा ही तिन्ही एकाच दिवशी बदलली आणि जोडणी सुधारली, तर कशामुळे सुधारली हे कोणीच सांगू शकणार नाही, आणि विद्युत्घट मात्र विनाकारण लवकर संपत राहील.

कार्डाच्या चालक-आज्ञावलीचा दोष असल्यास नोंदवही ते लपवीत नाही. इंटेलच्या कार्डांबाबत 'मायक्रोकोड' व 'एरर' हे शब्द आणि त्यांखाली अंकांची लांबलचक रांग दिसली, तर कार्डावर चालणारी फर्मवेअर नावाची अंतर्गत आज्ञावली कोलमडली असे समजावे. तिची नवी आवृत्ती 'लिनक्स-फर्मवेअर' या संचातून येते; तसेच लॅपटॉप सुरू होताना गाभ्याची आधीची आवृत्ती निवडून तुलनाही करता येते. एके काळी लिनक्सवर वायफाय चालवणे हेच दिव्य होते, कारण कार्डांचे निर्माते आपले तपशील गुप्त ठेवीत. २००८ मध्ये अथेरॉसने आणि २०१० मध्ये ब्रॉडकॉमने आपल्या काही कार्डांच्या चालक-आज्ञावली खुल्या केल्या, त्यानंतर हे दिव्य बरेच सौम्य झाले. कधी जोडणी सांभाळणाऱ्या दोन आज्ञावली एकाच वेळी चालू राहून एकीने जुळवावे, दुसरीने सोडावे, असा खेळ करतात; त्यांपैकी एकच ठेवावी. राऊटर १२ किंवा १३ या वाहिनीवर असून केवळ लॅपटॉपला तो दिसतच नसेल, तर 'आयडब्ल्यू रेग गेट' या आज्ञेने लॅपटॉप स्वतःला कोणत्या देशात समजतो ते पाहावे. देश ठाऊक नसला की या दोन वाहिन्यांवर तो आपण होऊन बोलत नाही, आणि काही देशांचे नियम लावल्यास त्या वाहिन्या वगळतो.

शेवटी एक कारण असे आहे की, जे नोंदवहीत सापडत नाही. लॅपटॉपची अँटेना त्याच्या पोटात नसून पडद्याच्या चौकटीत असते, आणि तेथून दोन केसासारख्या बारीक तारा बिजागरीतून खाली उतरून बिनतारी कार्डावर येतात. पडदा वा बिजागरी बदलताना या तारा सुटतात, क्वचित चिमटतात. राऊटरपासून दोन हातांवर बसूनही जोर उणे ७५ दाखवत असेल, पडदा मागेपुढे करताच तो अंक हलत असेल, किंवा दुरुस्तीहून परत आल्यापासूनच तक्रार सुरू झाली असेल, तर आज्ञा टंकणे थांबवून लॅपटॉप बंद करावा, विद्युत्घट वेगळा करावा आणि तळाचे झाकण उघडावे. कार्डाच्या कडेला दोन चिमुकल्या सोनेरी गुंड्या असतात व तारांची गोल टोके त्यांवर बसलेली असावी लागतात. सुटलेले टोक नीट सरळ धरून बोटाने दाबले, की बारीक 'टक्' असा आवाज होऊन ते जागेवर बसते.